थंडीत फीडरवर आलेला पिवळट पक्षी वॉर्बलर असू शकतो का?

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो, कारण त्यात खरं तर तीन प्रश्न आहेत. न्यू जर्सी, जानेवारी, बॅकयार्डात बर्फ, आणि सुएटच्या (घट्ट चरबीची वडी) फीडरवर रोज एक पिवळट-हिरवट छोटा पक्षी येतोय. घरातले म्हणतात गोल्डफिंचच (बी खाणारा छोटा पक्षी) असणार, पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप एकदा पाईन वॉर्बलर म्हणतं एकदा गोल्डफिंच, आणि तुम्ही वाचलंय की वॉर्बलर, म्हणजे मुख्यतः किडे खाणारे हे छोटे पक्षी, तर ऑक्टोबरपर्यंत दक्षिणेला निघून जातात. मग हा आहे कोण, वाट चुकलाय का, आणि थंडीत मरू नये म्हणून घरात घ्यावा का.

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. घरात घेऊ नका. एक तर कायद्याने चालत नाही, १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टखाली असे पक्षी पकडणं, पाळणं सगळं बंद आहे, आणि दुसरं म्हणजे जो पक्षी रोज येतोय, खातोय, उडून जातोय त्याला वाचवायचं काही कारणच नाही. जखमी असेल तर गोष्ट वेगळी, मग लायसन्स असलेल्या वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटरला (जखमी वन्यजीव सांभाळणाऱ्याला) फोन करायचा. काचेला आपटून पडला असेल तर झाकण असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवायचा, तोंडात पाणी बिणी अजिबात ओतायचं नाही.

आता तो कोण ते बघू. थंडीत पिवळा रंग हा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा आहे हे डोक्यात पक्कं करा. हिवाळ्यात गोल्डफिंच मळकट, पाईन वॉर्बलरची मादी त्याहून मळकट, ऑरेंज-क्राउन्ड वॉर्बलर तर असा की बघून चटकन काही आठवतच नाही, आणि वर ढगाळ उजेडात सगळेच राखाडी-हिरवे दिसतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की आधी चोच बघा, मग तो खातो कसा ते बघा, मग शेपटीखालचा भाग, आणि रंग सगळ्यात शेवटी.

गोल्डफिंचची चोच छोटी, जाड, शंकूसारखी, कारण त्याचं काम बी फोडायचं. तो फीडरवर येऊन ठिय्या देतो, सूर्यफुलाची बी चोचीत फिरवत सोलतो, टरफल खाली टाकतो, हलायचं नाव नाही. पंख काळे आणि त्यावर फिकट पट्टे अगदी उठून दिसतात. पाईन वॉर्बलरची चोच वॉर्बलरच्या मानाने दणकट असली तरी लांबट आणि टोकदार, बी फोडायची नाहीच. तो सुएटला टोचून टोचून तुकडे काढतो किंवा सोललेल्या सूर्यफुलाचा, शेंगदाण्याचा कण उचलतो. पाठ हिरवट आणि एकदम साधी, रेघा नाहीत, पंखावर दोन पांढुरके पट्टे, गळा-छाती पिवळट, बाजूला पुसट धुरकट रेघा, पोटाचा मागचा भाग आणि शेपटीखाली पांढरं, आणि शेपटी जरा लांबच. तुम्ही वर्णनात लिहिलंय की पाठीवर रेघा दिसत नाहीत आणि तो सुएटला चिकटून टोचत बसतो, तेवढ्यावरून मी तरी पाईन वॉर्बलरकडे झुकतोय. चोचीचा स्पष्ट फोटो मिळाला की वाद मिटेल.

आणि पाईन वॉर्बलर असेल तर तो वाट चुकलेला नाही. उत्तर अमेरिकेत वॉर्बलरच्या पन्नासेक जाती आहेत, त्यातल्या बहुतेक मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन, दक्षिण अमेरिका अशा लांबच्या प्रवासाला जातात, तुम्ही वाचलंय ते त्यांच्याबद्दल खरंच आहे. पण पाईन वॉर्बलर हा त्यातला घरकोंबडा. दक्षिणपूर्वेच्या राज्यांत तो बारा महिने असतो आणि उत्तरेत वाढलेले पक्षी हिवाळ्यात तिकडेच जाऊन मिसळतात, बाहेरच्या देशात जायची त्यांना गरजच पडत नाही. जॉर्जिया, कॅरोलायना, अलाबामा अशा ठिकाणी जानेवारीत फीडरवर पाईन वॉर्बलर दिसणं ही रोजची गोष्ट आहे, न्यू जर्सीत कमी, पण ऐकलंच नाही असं अजिबात नाही. आणि तो एवढ्या उत्तरेत तगतो कशावर तर बियांवर. इतर वॉर्बलर मुळात किडेखाऊ, बी त्यांना झेपत नाही, पाईन वॉर्बलर मात्र पाईनच्या बिया नियमित खातो आणि त्याची पचनसंस्था ऋतूप्रमाणे त्या आहाराला जुळवून घेते. म्हणून तर फीडरवर बी उचलताना दिसणारा वॉर्बलर जवळजवळ नेहमी हाच निघतो.

दुसरा मोठा उमेदवार यलो-रम्प्ड वॉर्बलर, ज्याला इथले बर्डर लाडाने बटरबट म्हणतात, कारण उडताना शेपटीच्या वर लोण्याच्या गोळ्याएवढा पिवळा ठिपका दिसतो. हा थंडीत तपकिरी, अंगावर आणि पाठीवरही रेघा, पंखाच्या खाली बाजूला पिवळा डाग. पूर्वेकडच्या मर्टल प्रकाराचा गळा पांढरा, पश्चिमेकडच्या ऑड्युबॉन प्रकाराचा गळा पिवळा. पूर्वी या दोन वेगळ्या जाती धरत होते, १९७३ मध्ये त्या एक केल्या, आणि पुन्हा वेगळ्या करायच्या का यावर बर्डर लोक अजून कॉफी गार होईपर्यंत भांडतात. मला यात फार रस नाही, पण दोन्ही प्रकार नोंदताना वेगळे लिहिले तर चांगलंच.

यलो-रम्प्डची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. अटलांटिक किनाऱ्याला बेबेरी आणि वॅक्स मर्टलची झुडपं असतात, त्यांच्या फळांवर मेणाचा थर असतो. मेण पचवणं बहुतेक पक्ष्यांच्या आवाक्याबाहेर, खाल्लं तरी तसंच बाहेर. या पठ्ठ्याच्या पित्तरसात मेण फोडण्याची ताकद जास्त असते आणि अन्न आतड्यातून परत मागे ढकलून पुन्हा पुन्हा घुसळलं जातं, त्यामुळे जे दुसऱ्यांसाठी कचरा ते याच्यासाठी भरगच्च कॅलरी. बाकीचे वॉर्बलर किडे संपले की पळतात आणि हा १२-१३ ग्रॅमचा जीव न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर, अगदी नोव्हा स्कोशियापर्यंत हिवाळा काढतो. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या केप मे ला हिवाळ्यात गेलात तर बेबेरीच्या झाडीत चेक चेक असा कोरडा आवाज करत थवेच्या थवे दिसतील. रेड सीडरची निळी फळं आणि पॉयझन आयव्हीची पांढरट फळंही खातो, हो तीच आयव्ही जिने आपल्याला अंगभर खाज सुटते, पक्ष्यांना काही होत नाही.

आणखी एक गोष्ट जी लोकांना माहीत नसते, यलो-रम्प्ड हिवाळ्यात एका जागी खिळून बसत नाही. फळं संपली किंवा फारच कडाका पडला तर जानेवारीतही आणखी दक्षिणेला सरकतो. म्हणून डिसेंबरात पार्कात शंभर होते आणि फेब्रुवारीत एकही नाही असं झालं की लगेच मेले बिचारे असा अर्थ काढू नका. काही मरतातही, खोटं कशाला सांगू, बर्फाच्या पावसाने सगळी झाडं काचेसारखी गोठली आणि ते तीन-चार दिवस टिकलं तर छोट्या पक्ष्यांचे फार हाल होतात. पण रिकामी जागा म्हणजे मेलेले पक्षी असं गणित नाही.

तिसरा ऑरेंज-क्राउन्ड, आणि हा तुमच्या भागात दिसला तर मात्र कॉलर ताठ करा. याचं मुख्य हिवाळी घर दक्षिणेकडची राज्यं, पॅसिफिक किनारा आणि मेक्सिको, ईशान्येत थोडे मागे राहतात. मळकट ऑलिव्ह, पंखावर पट्टे नाहीत, डोळ्यातून गडद रेघ, छातीवर पुसट रेघा, आणि ज्या नारिंगी टोपीवरून नाव पडलं ती आयुष्यात क्वचित दिसते. ओळख एकच, शेपटीखाली पिवळं. बाकी अंग कितीही राखाडी असो, ते पिवळंच. टेनेसी वॉर्बलर याच्यासारखा दिसतो पण त्याचं शेपटीखालचं पांढरं असतं, आणि तो थंडीत इथे जवळपास नसतोच. ऑरेंज-क्राउन्ड सुएटवर येतो, हमिंगबर्डसाठी ठेवलेल्या साखरपाण्यावर येतो, आणि सॅपसकर सुतार पक्ष्याने झाडाला पाडलेल्या भोकांतून गळणारा रस प्यायलाही येतो. तुमच्या पार्कात एखाद्या झाडाच्या खोडावर ओळीने आखल्यासारखी बारीक भोकं दिसली तर त्या झाडाखाली दहा-पंधरा मिनिटं थांबा.

वॉर्बलर नसून वॉर्बलर वाटणारा रुबी-क्राउन्ड किंगलेट हा तर हमखास फसवतो, तोही सुएटवर येतो. आकाराने अजून बारका, गोल गरगरीत, डोळ्याभोवती तुटक पांढरं कडं आणि पंख सारखे फडफड झटकत राहणार, एक सेकंद शांत नाही. पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या लगेच मागे काळी पट्टी दिसली की किंगलेट, विषय संपला.

पश्चिमेकडे राहणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांचा हिवाळा वेगळा आहे. सिएटल, पोर्टलंडच्या बॅकयार्डात सुएटवर टाउनसेंड्स वॉर्बलर येतो, काळा-पिवळा चेहरा, एकदा दिसला की चुकायची सोय नाही, आणि कॅलिफोर्नियात फुललेल्या युकॅलिप्टसमध्ये हा आणि ऑड्युबॉनवाले यलो-रम्प्ड दोन्ही सापडतात. फ्लोरिडावाल्यांना तर मी काही सांगायलाच नको, त्यांच्याकडे डिसेंबरात पार्कातल्या एका ओकवर यलो-थ्रोटेड, ब्लॅक-अँड-व्हाइट, पारुला सगळे एकत्र, आणि खाली गवतात शेपटी वर-खाली हलवत चालणारे पाम वॉर्बलर. पाम वॉर्बलरचं एक मजेशीर आहे, पश्चिमेकडे वाढणारे फिकट पक्षी फ्लोरिडा आणि कॅरिबियनला जातात आणि पूर्वेकडे वाढणारे जास्त पिवळे पक्षी गल्फच्या किनाऱ्याला, म्हणजे दोन्ही रस्ते एकमेकांना फुली मारून जातात.

खरोखर वाट चुकलेलेही असतात, ते नाकारत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिण-पश्चिमेचा जोरदार गरम वारा आला की दक्षिणेकडे निघालेले काही पक्षी उलटे ईशान्येला फेकले जातात, आणि मग डिसेंबरात एखादा नॅशव्हिल, विल्सन्स किंवा केप मे वॉर्बलर कुणाच्या तरी फीडरवर उगवतो. केप मे तर फीडरवर आला की मालकासारखा वागतो, आपल्याहून मोठ्या पक्ष्यांनाही हुसकावतो. एक यलो-ब्रेस्टेड चॅट पण असतो, ठसठशीत पिवळी छाती, बराच मोठा. वर्षानुवर्षं वॉर्बलरमध्येच धरला जायचा, २०१७ मध्ये त्याला स्वतःचं वेगळं कुळ दिलं, तर जुन्या पुस्तकात तो वॉर्बलरच्या पानांत सापडेल, गोंधळू नका.

आता फीडरमुळे पक्षी अडकून पडतो का, आपण खायला घालतो म्हणून जात नाही का, हा तुम्ही न विचारलेला पण सगळ्यांच्या मनातला प्रश्न. एका पक्ष्यापुरतं बघितलं तर नाही. दक्षिणेला निघायची घाई दिवसाची लांबी कमी झाली की शरीरातूनच सुरू होते, सुएटच्या वडीने ती थांबत नाही, तुम्ही फीडर काढून टाकलात तर तो जाईल असंही नाही. पण पिढ्यानपिढ्यांचा हिशोब वेगळा असू शकतो आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण युरोपातलं आहे. तिथला ब्लॅककॅप, तो वॉर्बलरच पण जुन्या जगातला, म्हणजे अमेरिकेतल्या वॉर्बलरशी त्याचं जवळचं नातं नाही, आपल्याकडच्या वटवट्यांच्या बाजूचा. मध्य युरोपात वाढणारे काही ब्लॅककॅप गेल्या साठ-सत्तर वर्षांत भूमध्य समुद्राकडे जायच्या ऐवजी हिवाळ्याला ब्रिटनला जायला लागले, प्रयोगांत असं दिसलं की ही दिशा पिल्लांना वारशाने मिळते, आणि ब्रिटनच्या बागांतलं खाणं आणि सौम्य झालेले हिवाळे ही त्यामागची कारणं धरतात. तर तुमचं एक फीडर काही करत नाही, पण लाखो फीडर आणि कमी होणारी थंडी मिळून काहीतरी करतात एवढं नक्की.

खायला काय द्यायचं. सुएट सगळ्यात उत्तम, साधं, बियांनी खच्चून भरलेलं नको कारण बी बहुतेक वॉर्बलरना नकोच असते आणि फुकट बाकीची गर्दी जमते. सोललेल्या सूर्यफुलाचे आणि शेंगदाण्याचे बारीक तुकडे पाईन वॉर्बलरसाठी. सुकवलेले मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) चालतात, जिवंत मिळाले तर पक्षी वेडे होतात. स्टार्लिंगची टोळी येऊन अर्ध्या तासात वडी फस्त करत असेल तर जाळीच्या पिंजऱ्यातलं फीडर घ्या, छोटे आत जातात, स्टार्लिंग बाहेर चरफडत बसतात. साखरपाणी ठेवणार असाल तर एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी, लाल रंग नको, मध तर नकोच नको, आणि गोठायला लागलं की आत घ्या. बर्फ पडणार असेल तर संध्याकाळ व्हायच्या आधी फीडर भरलेलं असू द्या कारण रात्रभर अंग गरम ठेवायचं इंधन त्यांना शेवटच्या तासात भरायचं असतं, आणि पहाटे उठल्या उठल्या पुन्हा लागतं. अस्वलांच्या भागात राहत असाल तर तिथले नियम बघा, न्यू जर्सीच्या उत्तरेला हा विषय चेष्टेचा नाही.

पाण्याकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात आणि माझ्या मते कडाक्यात ते खाण्याइतकंच ओढून आणतं. हीटर असलेलं बर्डबाथ ठेवलंत तर जे पक्षी फीडरकडे ढुंकूनही बघत नाहीत तेही पाण्यावर येतात.

स्वच्छतेवर जरा बोलतोच. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाईन सिस्किन या छोट्या फिंच पक्ष्यांमध्ये साल्मोनेला या जिवाणूची मोठी साथ आली होती, फीडरवर गर्दी, विष्ठा, आणि झालं. तेव्हा दोन आठवड्यांतून एकदा फीडर गरम पाण्याने घासायचं, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी यात बुडवायचं, भरपूर खळबळायचं, पूर्ण वाळल्यावर परत लावायचं. खाली पडलेला चोथा पण उचला. फुगून बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी दिसला तर फीडर सरळ काही दिवस उतरवून ठेवा. आणि फीडरची जागा, काचेपासून तीन फुटांच्या आत किंवा तीस फुटांच्या पुढे, मधल्या अंतरात पक्षी वेग घेऊन काचेवर आदळतात. अमेरिकेत दरवर्षी कोट्यवधी पक्षी असे मरतात, काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके लावले तर बराच फरक पडतो, एकच घारीचं स्टिकर लावून काही होत नाही.

पार्कात शोधायचं तर पहाटे उठून कुडकुडत जायची गरज नाही. ऊन जरा वर आलं, झाडाच्या दक्षिणेकडच्या कडेला ऊब आली की किडे हलतात आणि पक्षीही तिथेच येतात, म्हणून नऊ-साडेनऊनंतर जा. आधी कान द्या, चिकडी आणि टिटमाउस या छोट्या पक्ष्यांचा गोंगाट ऐकू आला की त्या टोळीमागे लागा कारण एकटा राहिलेला वॉर्बलर त्यांच्यासोबत फिरतो, दहा डोळ्यांना ससाणा लवकर दिसतो. न गोठलेला ओढा, झरे, सीडरची झाडी, आयव्हीने झाकलेल्या भिंती, हे सगळं बघा. आणि हसू नका, पण हिवाळी वॉर्बलरसाठी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसारखी जागा नाही, तिथलं पाणी कोमट राहतं, चिलटं भर थंडीत निघतात, आणि कुंपणाच्या झुडपात पक्षी त्यांच्यावर तुटून पडतात. आत जायला परवानगी लागते, बाहेरच्या रस्त्यावरून पण बरंच दिसतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढू नका, थंडीत त्यांच्याकडे वाया घालवायला ताकद नसते.

मर्लिनबद्दल. फोटोवरून बरं चालतं, आवाजावरून थंडीत जपून. पाईन वॉर्बलरचं गाणं म्हणजे एका सुरातली लांब थरथर, आणि जंको, चिपिंग स्पॅरो यांचंही तसंच, त्यामुळे अ‍ॅपची आणि माणसांची दोघांची फसगत होते. दक्षिणेत फेब्रुवारीच्या उबदार सकाळी पाईन वॉर्बलर गायला लागतो, तुमच्याकडे आत्ता बहुतेक नुसती चिप चिपच ऐकू येईल. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंद टाकली आणि ती दुर्मीळ म्हणून अडली तर रागावू नका, रिव्ह्यूअर हे स्वयंसेवक असतात, त्यांना मर्लिन म्हणालं हे पुरत नाही. चोच, पाठ, पंखावरचे पट्टे, शेपटीखालचा रंग, काय खात होता, हे दोन ओळीत लिहा आणि फोटो कसाही असो जोडा.

नोंदी करायची गोडी लागली तर ख्रिसमस बर्ड काउंट आहे, १९०० पासून चालू, फ्रँक चॅपमनने सुरू केला, दरवर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी, पंधरा मैल व्यासाच्या वर्तुळात सगळे मिळून मोजतात, यंदाचा बहुतेक झाला असेल. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट येतो, आणि तुमच्यासारख्या रोज फीडर बघणाऱ्यांना प्रोजेक्ट फीडरवॉच सगळ्यात सोयीचा, नोव्हेंबर ते एप्रिल चालतो. त्यात मोजायची पद्धत लक्षात ठेवा, एका वेळी एकत्र जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा लिहायचा, बेरीज करायची नाही, कारण तोच पक्षी फिरून फिरून येत असतो, तुमचा पाईन वॉर्बलर दिवसात चाळीस वेळा सुएटवर आला तरी लिहायचा एकच.